गाणाऱ्या पेटीचं खाणं



बैल विकत घेताना शेतकरी काय काय बघतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो; आणि सौदा तुटायच्या आधी हळूच विचारतो, "खाण्याला कसा आहे?" किंमत एकदाच मोजायची असते, वैरण रोज घालायची असते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गाणं ऐकायचं यंत्र घेताना मात्र आपण हा प्रश्न विसरतो. दुकानदार आवाज मोठा करून दाखवतो, रंग दाखवतो, आत किती हजार गाणी मावतात ते सांगतो. ते यंत्र खाणार काय, ते खाणं आपल्या गावात मिळणार का, आणि एक दिवस ते मिळेनासं झालं तर आतल्या गाण्याचं काय, हे कुणी विचारत नाही.

उचलून कुठंही नेता येणाऱ्या गाणाऱ्या पेटीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आज सांगायचा आहे. चावीच्या ग्रामोफोनापासून निघून खिशात मावणाऱ्या डिजिटल प्लेअरपर्यंत आपल्याला यायचं आहे.

त्यासाठी मी उभं राहायला कुर्ला हे ठिकाण निवडलं आहे. मुंबईच्या उपनगरांतलं हे जुनं गाव. १८८६ साली जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल घेतली आणि तिची स्वदेशी मिल केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली, ती हार्बर मार्गानं कुर्ल्यालाच आली. गिरण्या-कारखान्यांच्या ओढीनं घाटावरची, कोकणातली, मराठवाड्यातली, उत्तर हिंदुस्थानातली माणसं इथं आली, आणि गावाकडचं गाणं जवळ असावं ही तहान त्यांच्याबरोबर आली. पण कुर्ला निवडण्याचं आणखीही एक कारण आहे. मुंबईत निकामी झालेल्या विजेच्या यंत्रांची मोडतोड कुठं होते म्हणून विचारलं, तर धारावी आणि साकीनाका यांच्या जोडीनं कुर्ल्याचं नाव निघतं. यंत्र दुकानात झळकतं तेव्हा त्याची जाहिरात वाचावी. त्याचा इतिहास वाचायचा तर भंगाराच्या ढिगाशीच जावं लागतं.

यंत्र येण्याआधी आपल्याकडे चालतं-फिरतं गाणं नव्हतं असं नाही. पहाटे वासुदेव दारात यायचा, गोंधळी यायचे, पोतराज यायचा. मुंबईच्या लोकलमध्ये टाळ आणि मृदंग घेऊन चढणारी भजनी मंडळं याच जातकुळीची. त्यांचंही खाणं होतंच. सुपातलं धान्य किंवा डब्यातल्यांची दाद. फक्त एक होतं, माणूस गेला की गाणं गेलं. भाऊराव कोल्हटकर, म्हणजे किर्लोस्कर मंडळीतले आपले भावड्या, १९०१ साली वारले. ग्रामोफोन कंपनीचे गेसबर्ग हे तंत्रज्ञ हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला उतरले १९०२ साली. एका वर्षाचं अंतर! बालगंधर्वांचा आवाज आपण आजही ऐकू शकतो. भाऊरावांचा आवाज कसा होता, हे फक्त ज्यांनी ऐकला त्यांच्या लिखाणातून कळतं.

या कंपनीच्या तबकड्या सुरुवातीला जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. १९०८ च्या सुमाराला कलकत्त्यातच कारखाना निघाला. तबकडीला बांधून धरणारं द्रव्य म्हणजे लाख, आपल्याच जंगलातल्या किड्यानं झाडाच्या फांद्यांवर साठवलेली. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं मावायचं. तास-तासभर राग मांडणाऱ्या गवयांना तो तेवढ्यात बसवावा लागला. काहींना ते जमलं नाही, काहींनी त्यातही नवल करून दाखवलं. माझं स्वतःचं मत असं, की आटोपशीर गाण्याची सवय आपल्याला नाटकवाल्यांपेक्षाही या तबकडीनं जास्त लावली.

एच.एम.व्ही.नं १९३१ साली १०२ नंबरचं पेटीवजा मॉडेल काढलं. झाकण लावलं की बॅगेसारखं मुठीत धरून न्यावं असं. ही खरीखुरी 'हातातली' गाणारी पेटी म्हणायला हरकत नाही. वीज नको, तार नको. बाजूची चावी पिळली की आतली कमान ताणली जायची आणि तबकडी फिरायची. खेड्यापाड्यांतल्या लग्नाकार्यात हा 'फोनो' गाजला तो त्यामुळं. वरवर पाहिलं तर याचं खाणं फुकट. मनगटात जोर असला की झालं.

पण सुई? पोलादी सुई तबकडीच्या चरीतून एकदा फिरली की तिचं टोक झिजायचं. दर बाजूला नवी सुई घालावी असा नियम होता. दोनशे सुयांची पत्र्याची चिमुकली डबी मिळे. म्हणजे दोनशे बाजू वाजल्या की डबी संपली. आता आपली काटकसर तुम्हांला माहीत आहे! एकाच सुईवर पाच-दहा गाणी काढणारी घरं पुष्कळ होती. सुईचे पैसे वाचले, पण झिजलेल्या टोकानं तबकडीची चर खरवडली गेली. आज जुन्या तबकड्या लावल्या की गाण्याआधी भाजी परतल्यासारखी जी चरचर ऐकू येते, तिच्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे. शिवाय तबकडी हातातून निसटली की संपलं.

मुंबईनं या धंद्यात आपलाही हात घातला होता. १९३५ साली 'यंग इंडिया' या नावानं तबकड्या काढणारी कंपनी इथं निघाली. तिचा कारखाना वडाळ्याला होता. वीसेक वर्षं ती चालली. नव्या, कमी नावाच्या गायकांना तिनं संधी दिली हे तिचं श्रेय.

सुईची गोष्ट सोडण्यापूर्वी एक मजेची हकीकत सांगतो. शिक्षकांनी ती वर्गात जरूर सांगावी. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीतली एक छोटी मुद्रिका १९७७ साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. तिच्यावर जगातलं निवडक संगीत आणि त्यात केसरबाई. ही यानं आता सूर्यमालेतल्या ग्रहांना मागं टाकून गेली आहेत. पाठवणाऱ्यांनी एक शहाणपण केलं. तबकडीच्या जोडीला सुई आणि तिचा सांगाडाही ठेवला, आणि वाजवायचं कसं याची आकृती वेष्टनावर कोरली. तिकडं कुणी भेटलंच, तर त्याच्या गावच्या बाजारात सुई मिळेल याचा भरवसा त्यांनी धरला नाही.

आता रेडिओकडे वळू. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. तेव्हाचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हचे. ज्या गावात वीज नाही तिथं ते बॅटरीवर चालवायचे, तर व्हॉल्व्ह तापवायला एक आणि त्याला नव्वद व्होल्टचा दाब द्यायला दुसरी, अशी जडशीळ बॅटरी लागे. एका कुटुंबाला हा हत्ती पोसणं अवघडच. म्हणून गावानं मिळून ऐकायचं, चावडीवर किंवा शाळेत, अशी रीत पडली. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात एक श्रोतृमंडळ. शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, आणि शंका केंद्राला कळवायच्या. या प्रयोगाचं मोजमाप केलं टाटा समाजविज्ञान संस्थेनं. ही संस्था कुर्ल्याहून फार लांब नाही, देवनारला आहे. हा प्रयोग इतका फळला की १९५९ पासून देशभर अशी मंडळं काढायचं ठरलं. एक यंत्र, आणि ऐकणारी वीस माणसं! हा आकडा ध्यानात ठेवा. पुढे तो झपाट्यानं घसरणार आहे.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. वाटाण्याएवढा तुकडा व्हॉल्व्हचं काम करू लागला, आणि त्याला नव्वद व्होल्टची गरज नव्हती. सहा किंवा नऊ व्होल्ट पुरे. १९५४ साली पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. साठीच्या दशकात आपल्याकडे ट्रान्झिस्टर आला आणि बघता बघता गुराख्याच्या खांद्याला, मळ्यातल्या मोटेच्या थारोळ्याजवळ, सलूनच्या आरशापाशी जाऊन बसला. ठाण्याला मर्फीचा कारखाना होता. मर्फीच्या जाहिरातीतलं बाळ तर घराघरांत भिंतीवर होतं.

ट्रान्झिस्टरला दोन प्रकारचं खाणं लागे. पहिलं सरकारी. प्रत्येक संचाला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दर वर्षी पंधरा रुपये भरावे लागत. रेडिओ खांद्यावरून कुठंही नेता येत असला तरी परवान्याचं बुक घरातच जपून ठेवलेलं असे. हे परवाने १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं रद्द झाले. दुसरं खाणं सेलचं. धारावीत एस्ट्रेलाचा सेलचा कारखाना होता, एव्हरेडीचा सेल सगळीकडे मिळे. गावोगाव किराण्याच्या दुकानात मिठाच्या शेजारी सेल येऊन बसला, ही गोष्ट लहान वाटेल, पण ट्रान्झिस्टरच्या यशाचं मर्म तीच आहे. सेल उतरले की उन्हात ठेवून आणखी दोन दिवस काढायची युक्ती तुमच्यापैकी कितीतरी जणांनी केली असेल. त्यात थोडं तथ्यही आहे. ऊब मिळाली की सेलमधली रासायनिक क्रिया जरा जोर धरते, इतकंच. नवी शक्ती काही येत नाही.

मात्र ट्रान्झिस्टरमध्ये गाणं आपलं नसे. केंद्र लावील ते ऐकायचं. हवं ते, हवं तेव्हा, आणि मुख्य म्हणजे आपणच गायलेलं ऐकायला मिळालं ते कॅसेटमुळं.

कॅसेटबद्दल मी थोडं सावकाश बोलणार आहे, कारण माझ्या मते आपल्या लोकसंगीताच्या बाबतीत एवढी मोठी घटना दुसरी नाही. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती मांडली आणि तिचं माप इतर कंपन्यांनाही मोकळेपणानं वापरू दिलं. त्यामुळं कुठल्याही कंपनीची कॅसेट कुठल्याही यंत्रात चालू लागली. आपल्याकडे ती रुळली सत्तरीच्या अखेरीला. आखातात नोकरीला गेलेली माणसं परतताना 'टू-इन-वन' घेऊन येत. रेडिओही तोच आणि टेपही तोच. तोवर तबकडी काढायची तर एका मोठ्या कंपनीचं दार ठोठावावं लागे. कॅसेटनं ते दार बाजूला सारलं. थोड्या भांडवलावर गाणं मुद्रित करावं, शे-दोनशे प्रती काढाव्यात आणि जत्रेत विकाव्यात, हे शक्य झालं. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं, विठ्ठल उमपांची शाहिरी, भारुडं, कोळीगीतं, लावण्या, हे सगळं एस.टी. स्टँडवरच्या टपरीत दोऱ्याला टांगलेलं दिसू लागलं. १४ एप्रिलला वस्त्यावस्त्यांतून जे गाणं घुमतं, त्यातलं कितीतरी त्या काळात कॅसेटवरून खेड्यात पोचलं. प्रल्हाद शिंदे एकाच गळ्यानं पंढरीच्या वाटेवरही ऐकू येत आणि चैत्यभूमीच्या वाटेवरही. मोठ्या कंपनीच्या यादीतून हा चमत्कार इतक्या सहज झाला असता असं मला वाटत नाही.

आणि टेपला एक लाल खुणेचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र ऐकू लागायचं. आजीची ओवी, मुलाचं बोबडं बोलणं, परगावी गेलेल्याला पाठवायचा निरोप. गरिबाच्या हातात आलेलं हे पहिलं ध्वनिमुद्रण.

याचं खाणं सेल किंवा वीज. शिवाय फीत गुंतली तर ती गुंडाळायला पेन्सिल! पण कॅसेटलाच खाणारेही होते. मुंबईचा पावसाळा हा फितीचा वैरी. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते. यंत्रातला रबरी पट्टा सैल पडला की गाणारी बाई पुरुषासारखी गाऊ लागते. पुढे नवे पट्टे मिळेनासे झाले, दुरुस्ती करणारे मोबाइल दुरुस्त करू लागले, आणि चांगल्या स्थितीतल्या कॅसेटी असूनही घरं मुकी झाली.

या कॅसेटच्याच काळात जपानमध्ये एक घटना घडली. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीनं वॉकमन विक्रीला काढला, किंमत ३३,००० येन. वार्ताहरांसाठी असलेल्या लहान टेपरेकॉर्डरवरून तो बेतला होता. त्यातून काढून काय टाकलं ते बघा: एक, आवाज बाहेर सोडणारा कर्णा, आणि दुसरं, ते मुद्रणाचं बटण. कंपनीचे मोरिता यांना एकट्यानंच ऐकत बसणं जरा उद्धटपणाचं वाटलं, म्हणून पहिल्या नमुन्याला कानातल्या पट्ट्यांसाठी दोन भोकं ठेवली होती. ती सोय पुढे मागं पडली. चावडीवर वीस माणसं, टू-इन-वनभोवती घर, आणि आता एक यंत्र एक माणूस. कुर्ल्याच्या फलाटावर सकाळी उभं राहून पाहावं. गर्दी खांद्याला खांदा लावून उभी, आणि जो तो आपल्या कानातल्या गाण्यात. मला यात सगळंच वाईट दिसत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला तेवढाच स्वतःचा एकांत. पण मुद्रणाचं बटण गेलं, त्याची हळहळ मला वाटते.

आता डिजिटल. आवाज ही हवेतली थरथर. ती सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि ते आकडे लिहून ठेवायचे, असं कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये करतात. अशा मापानं एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. मेगाबाइट म्हणजे साठवणीचं माप, पायली समजा. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी कानाच्या एका खोडीचा फायदा घेतला. देवळात नगारा वाजत असताना शेजारच्या बाईच्या बांगड्या किणकिणल्या तर त्या ऐकू येत नाहीत. मग तो किणकिणाट लिहून तरी कशाला ठेवायचा? मोठ्या आवाजाखाली झाकलं जाणारं बारीकसारीक गाळून टाकलं, तर दहा पायल्यांच्या जागी एक पायली पुरते. या युक्तीला १९९५ साली 'एम.पी.थ्री' हे नाव मिळालं. १९९८ साली कोरिया आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनी असे खिशातले प्लेअर काढले. आतली जागा ३२ मेगाबाइट, म्हणजे साधारण अर्ध्या तासाचं गाणं. अमेरिकेत ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी त्यातल्या एका प्लेअरविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि त्या हरल्या. मग २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीनं आयपॉड दाखवला. पाच गिगाबाइट, हजार गाणी. तबकडीच्या दोन बाजूंवर दोन गाणी मावत. म्हणजे पाचशे तबकड्यांची बैलगाडी एका खिशात आली.

भारतात आयपॉड थोड्यांनीच घेतला. आपल्याकडे खरा चालला तो स्वस्तातला, बोटाएवढा प्लेअर आणि पाठोपाठ मेमरी कार्ड. कुठल्याही तालुक्याच्या बाजारात 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी दिसू लागली. नखाएवढ्या कार्डात दहा-वीस रुपयांत शेकडो गाणी. ही सरळ सरळ चोरी होती. गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला त्यातला पैसाही मिळत नव्हता. तरीपण इतिहास सांगणाऱ्यानं हेही सांगायला हवं, की ज्या कॅसेटी कुणी पुन्हा काढणार नव्हतं, त्यांतली काही गाणी याच चोरट्या दुकानांतून टिकली.

या प्लेअरच्या खाण्यात मात्र एक नवा प्रकार शिरला. काही प्लेअर करंगळीएवढ्या सेलवर चालत. सेल संपला की दुसरा घालायचा. आयपॉडसारख्यांत आतच लिथियमची बॅटरी बसवलेली. विजेवर भरली की चालली. पण काही शे वेळा भरून झाली की तिची धारणाशक्ती घटते, आणि यंत्र उघडून ती बदलणं सामान्य माणसाच्या हाती ठेवलेलं नसतं. म्हणजे पोटच शिवून टाकलेलं. बाकी सगळं धड असूनही असं यंत्र कुर्ल्याच्या किंवा आणखी कुठल्या तरी भंगारात जातं. तिथं तांबं निघतं, जस्त निघतं, पाटीवरचा कथलाचा डाग निघतो. त्याला वजनावर भाव आहे. आतल्या हजार गाण्यांना वजन नाही. अशा कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावायचे नियम २०१२ च्या मे महिन्यापासून अमलात आले, पुढे ते दोनदा बदलले. पण हातानं मोडतोड करणारी माणसं अजून त्याच धुरात बसलेली दिसतात, आणि बॅटरी फोडताना पहिलं बोट त्यांचं भाजतं.

सुटा सेल की शिवलेलं पोट, हा प्रश्न नुसत्या खर्चाचा नाही. २६ जुलै २००५ ची आठवण काढा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीकडे जाते; ती फुगली आणि कुर्ला पाण्यात गेलं. उपनगरांत वीज बंद झाली, मोबाइलचं जाळं कोलमडलं. अशा रात्री भिंतीतल्या विजेवर जगणारं प्रत्येक यंत्र दगड होतं. दोन सेल आणि एक लहानसा रेडिओ असेल तर निदान बाहेर काय चाललं आहे ते कळतं. प्लेअर घ्यायचाच असेल, तर त्यात रेडिओ असावा असं मी म्हणतो ते आकाशवाणीच्या पुस्तिकेत लिहायचं आहे म्हणून नव्हे.

पुढचा भाग तुमच्या हातातच आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, आणि प्लेअर फोनमध्ये विरघळला. २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड बनवणंही बंद झालं. फोनवर बहुतेक गाणं आता यंत्रात राहत नाही. दूरच्या कुठल्या तरी साठ्यातून ऐकण्यापुरतं येतं. खाणं इथंही आहे: दरमहाचं रिचार्ज. ते चुकलं, की काल हवं तेव्हा वाजणारं गाणं आज दाराबाहेर. याच्या उलट गंमत अशी, की गेसबर्गला पाठवणाऱ्या त्या ग्रामोफोन कंपनीचीच वारस असलेल्या सारेगामानं २०१७ साली 'कारवाँ' नावाची पेटी काढली. दिसायला जुना ट्रान्झिस्टर, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, इंटरनेट नको. वडीलधाऱ्या मंडळींनी ती उचलून धरली. मोठे गोल बटण, आणि ऐकायला बसलं की ऐकायचं. मला ती आवडते. पण मुद्रणाचं बटण तिच्यातही नाही.

ते बटण का हवं, याचं उत्तर जात्याशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी पुण्यात राहून, खेड्यांतल्या बायकांच्या मदतीनं जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जातं थांबलं, आणि ओवी गाण्याची वेळच नाहीशी झाली. अशा काळात हे काम झालं. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ओव्या बायकांच्याच आवाजात मुद्रित केल्या, त्या डॅट नावाच्या डिजिटल फितीवर. त्या वेळी हातात नेता येणारं ते उत्तम यंत्र होतं. डॅटची यंत्रं बनवणं सोनीनं २००५ साली थांबवलं. या ओव्या फितीवरच राहिल्या असत्या तर आज त्या वाजवायला यंत्र शोधत फिरावं लागलं असतं. वेळीच त्यांची नक्कल संगणकावर झाली, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या कुणालाही ऐकता येतात.

तेव्हा गुरुजनांनो, शाळेसाठी किंवा गावाच्या वाचनालयासाठी पेटी घ्यायची ठरली, तर हजार गाण्यांच्या आकड्याकडे नंतर बघा. सेल बाहेरून बदलता येतो का, कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात लावता येतं का, आणि मुद्रण होतं का, एवढं आधी पाहा. हातात मावणारे छोटे डिजिटल रेकॉर्डर अशा तिन्ही सोयींचे मिळतात, आणि तेच गाणंही वाजवतात. मुद्रण करताना यंत्रात 'वेव्ह' आणि 'एम.पी.थ्री' अशी निवड असेल तर 'वेव्ह' घ्या. बांगड्यांचा किणकिणाट त्यात राहतो, आणि जात्याची घरघरही. बत्तीस गिगाबाइटच्या कार्डात असं पन्नासेक तासांचं गाणं मावतं. संध्याकाळी त्याची एक नक्कल शाळेच्या संगणकात आणि दुसरी आणखी कुठं तरी ठेवा, मगच कार्ड पुसा.

आणि बटण दाबल्यावर आधी गाणारीला तिचं नाव आणि गाव सांगायला लावा, तारीख तुम्ही सांगा. यात काही नवं नाही. कलकत्त्याला १९०२ साली गाणाऱ्या गौहरजान यांच्या मुद्रिकेच्या शेवटी त्या इंग्रजीत आपलं नाव उच्चारतात. तबकडी हॅनोव्हरला छापायला जायची, आणि तिथल्या कारागिरांना हे कुणाचं गाणं ते कळायला हवं होतं.